कान्होबांचा वाटा



आमच्या पळसदेवच्या भजनी मंडळातला एक मुलगा मागच्या महिन्यात माझ्याकडे आला. पखवाज चांगला वाजवतो, इंदापूरला बी.कॉम. झाला आहे. घरची जमीन उजनीच्या फुगवट्याला लागून, थोडी. ऊस असतो, पण दोन भावांना पुरेल इतका नाही. बारामतीत एका मोठ्या खासगी बँकेत विक्रीच्या जागा निघाल्या होत्या. पहिली मुलाखत झाली होती, दुसरी आठवड्याने होती. त्याने मला एक प्रश्न विचारला. मी त्याला जे उत्तर दिले ते बरोबर की चूक, हे तुमच्यापुढे ठेवावे म्हणून लिहितो आहे. तुमच्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच.

पहिल्या फेरीचे त्याने सगळे सांगितले. टू-व्हीलर आहे का, लायसन आहे का, उन्हात फिरायची तयारी आहे का, हे आधी विचारले. मग साहेबांनी टेबलावरचे पेन पुढे केले आणि म्हणाले, हे मला विका. त्याच्या मित्राने त्याला शिकवून ठेवले होते की पेनाचे गुण सांगत सुटायचे नाही, आधी समोरच्याला काय लिहायचे आहे ते विचारायचे. त्याने तसे विचारले आणि साहेब खूश झाले. मलाही ते आवडले. आपले काही कीर्तनकारसुद्धा समोर कोण बसले आहे हे न पाहताच पेनाचे गुण सांगत असतात, पण ते असो.

मग साहेबांचे लक्ष त्याच्या गळ्याकडे गेले. “माळकरी आहात? वा. मग गावात तुमच्या शब्दाला वजन असणार.” मुलगा हो म्हणाला. साहेब म्हणाले, “पुढच्या वेळी येताना ओळखीच्या पन्नास लोकांची यादी घेऊन या. नाव, गाव, अंदाजे उत्पन्न. सुरुवात तिथूनच करायची असते.”

या धंद्यात ही पद्धत जुनी आहे. नवा माणूस आधी आपल्या घरच्या, नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांकडे जातो. त्यात साहेबांचे काही वावगे आहे असे मी म्हणत नाही. ते सभ्य माणूस असावेत. पण मुलाने यादी करायला घेतली आणि त्याच्या ध्यानात आले की पन्नासांतली एकतीस नावे दिंडीतली आहेत. तेव्हा तो माझ्याकडे आला. “नाना, एक जण म्हणतो माळ शर्टाच्या आत घाल, शहरात बरं दिसत नाही. दुसरा म्हणतो वर ठेव, माळेमुळेच काम होईल. काय करू?”

दोघेही त्याला माळेचा भावच सांगत होते, माउली. एकाच्या मते तो कमी होता, दुसऱ्याच्या मते जास्त.

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. असल्या नोकरीच्या वाटेलाच जाऊ नको, असे सांगणे सोपे होते. ते मला पटत नाही. आपल्या संतांपैकी कोणी आपला धंदा पापाचा म्हणून टाकला? सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, नरहरी सोनार तर सोन्याचे वजन करणारा माणूस. तराजू हातात असणे हे पाप नव्हे. शिवाय बँकेचा माणूस गावात आला नाही तर कोण येतो हे आपल्याला चांगले माहीत आहे; शेकड्याला महिना पाच रुपये लावणारा येतो. वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूला २ लाख रुपये देणारी सरकारी विमा योजना बँकेच्या खात्यातून चालते. विजेचा धक्का किंवा सर्पदंश आमच्या भागाला नवा नाही. पण कितीतरी घरांना ही योजना दुःख झाल्यावरच कळते. हे कोणीतरी दारात जाऊन सांगायला हवे. माहीत असून न सांगणे हीसुद्धा चूकच.

आणि पगाराचे काय? त्याच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन थांबले आहे. दुसऱ्याच्या घरच्या चुलीवर वैराग्य शिजवणे मला जमत नाही.

मग अडले कुठे? अडले ते त्या साहेबांनीच विचारलेल्या एका प्रश्नात. ते म्हणाले, समजा महिना संपायला तीन दिवस आहेत, टार्गेट अपुरे आहे आणि तुमच्या ओळखीची एक म्हातारी उसाच्या बिलाचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला आली. ठेव करून दिली तर तुमच्या टार्गेटमध्ये फार धरली जाणार नाही, विम्याची पॉलिसी दिली तर टार्गेट पूर्ण. काय कराल? मुलाने मोबाइलवरच्या व्हिडिओत पाठ केलेले उत्तर दिले: “सर, मी काहीही करून टार्गेट पूर्ण करीन.” साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतले आणि त्याला पुढच्या फेरीला बोलावले.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुदत ठेवीत पैसे एकदाच ठेवायचे असतात आणि अडीअडचणीला थोडे व्याज सोडून मोडताही येतात. अशा पुष्कळशा पॉलिसींत मात्र दरवर्षी हप्ता भरावा लागतो. बाजाराशी जोडलेली असेल तर पाच वर्षे पैसे अडकतात, आणि दुसरी असेल व पहिल्याच वर्षानंतर हप्ता थांबला तर भरलेले सगळे पैसे परत मिळत नाहीत. म्हातारी समजते की ठेव ठेवली. पुढच्या वर्षी हप्त्याची मागणी येते तेव्हा ती कागद घेऊन शेजारच्या पोराकडे जाते. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण ठेव म्हणून ट्रंकेत ठेवलेला कागद ३० दिवसांत कोण उघडतो?

आता माझेच सांगतो, कारण ते न सांगता त्या मुलाला काही सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करत असे. नाव सांगत नाही, ती आज नाही. संध्याकाळी हायवेवरच्या दुकानांतून दहा-वीस रुपये जमा करायचे, वहीत मांडायचे, शेकड्यावर कमिशन मिळायचे. दिंडीचा हिशेबही तेव्हा माझ्याकडेच होता, म्हणून लोक माझी वही तपासत नसत. आमच्या दिंडीत एक मावशी होती. मुलगा हायवेवर अपघातात गेला, त्याच्या भरपाईचे पैसे तिला मिळाले होते. ती बँकेत ठेवणार होती. मी म्हटले, आमच्याकडे व्याज दोन टक्के जास्त आहे. तिने विचारले, “बुडणार नाहीत ना?” मी गळ्यातल्या माळेला हात लावला.

मी खोटे बोललो असे नाही. पतसंस्था बुडेल हे मला माहीत नव्हते. पण बुडणार नाही हेही मला माहीत नव्हते. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, तेव्हा ते १ लाखापर्यंत होते, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागू नाही. एवढे मला ठाऊक होते आणि ते मी बोललो नाही. जिथे माहिती द्यायची तिथे मी माळ दिली. तीन वर्षांनी पतसंस्थेला कुलूप लागले. मावशीला बऱ्याच वर्षांनी थोडे पैसे मिळाले. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. आपली रीत तुम्हाला माहीत आहे, वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. ती आजही माझ्या पाया पडते, आणि दरवर्षी मला तेवढा क्षण सोसत नाही.

त्या मुलाला मी हे सांगितले, आणि मग आपल्याला सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट सांगितली. तुकोबांचे घर सावकारीचे. दुष्काळाने आणि घरातल्या मृत्यूंनी मन उठल्यावर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात आपण इथेच टाळी वाजवतो आणि पुढचे ऐकत नाही. चरित्रकार सांगतात की आधी त्यांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी केली. निम्मी खते कान्होबांना दिली आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. भावाचा वाटा कोरडा ठेवला. मला वाटते, बुडवण्यापेक्षा हे अवघड होते. वैराग्याच्या भरात सगळाच गठ्ठा पाण्यात टाकला असता तर लोकांनी तुकोबांना थोरच म्हटले असते आणि कान्होबांचे घर उघडे पडले असते.

तर आपल्या वाट्याचे काय आणि कान्होबांच्या वाट्याचे काय, हा हिशेब आधी मांडावा लागतो. त्या मुलाचे पाय, त्याचे उन्हात फिरणे, त्याचे गोड बोलणे, त्याने शिकलेले व्याजाचे गणित, हे सगळे त्याचे. ते त्याने बँकेला खुशाल विकावे, चांगल्या भावाने विकावे. पण एकतीस नावांच्या मनात त्याच्या माळेविषयी जो भरवसा आहे तो त्याने कमावलेला नाही. पंढरीच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या माणसांनी तो साठवला आहे. बाजारात पत म्हणतात ती हीच; पण हे खाते सामाईक आहे. मी त्यातून मावशीसमोर एकदा उचल केली, ती अजून फिटलेली नाही.

मुलगा म्हणाला, “मग यादी नको देऊ? दिंडीतली नावं काढली तर एकोणीसच राहतात.”

इथे मी अडखळलो, हे कबूल करतो. दिंडीतल्या माणसाला खाते लागत नाही का? त्याला २० रुपयांचा विमा लागत नाही का? नावे काढून टाकली तर माझा सोवळेपणा होईल आणि त्यांचे नुकसान. विचार करून मी म्हटले, नावे राहू दे. त्यांच्याकडे जाशील तेव्हा जे कागदात लिहिले आहे तेवढे सांग. पैसे किती वर्षे अडकतात, मध्येच लागले तर काय होते, तुला त्यात काय मिळते, हे त्यांनी न विचारता सांग. आणि कोणी “बुडणार नाहीत ना?” असे विचारले तर हात गळ्याकडे नेऊ नकोस, कागदाकडे ने.

माळेचा प्रश्न त्यातच सुटला. ती रोज जशी असते तशी असू दे. मुलाखतीसाठी आत नको आणि मुलाखतीसाठी वरही नको.

मुलाखतीतल्या उत्तरांविषयी तो फार भ्यायला होता. सगळे खरेच बोलायचे तर “तुम्हाला विक्रीची आवड आहे का?” याला काय सांगायचे? मी म्हटले, आवड अजून माहीत नाही, शिकेन, असे सांग. मुलाखत ही थोडी लग्नाच्या बैठकीसारखी असते, दोन्हीकडचे लोक धुतलेले कपडे घालून बसतात, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. पण “काहीही करून टार्गेट पूर्ण करीन” यातले पहिले दोन शब्द काढून टाक. टार्गेट पूर्ण करीन, हे वचन कष्टाचे आहे, ते दे. काहीही करून म्हटलेस की त्यात ती म्हातारी आली. तू तिला अजून पाहिलेही नाहीस आणि तिला देऊन बसलास.

नाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींचा हिशेब पाहत होते तेव्हाची गोष्ट तुम्ही ऐकली आहे. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिव्याशी बसले आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढे चित्त भगवंताकडे लागले तर काय होईल. आपण स्वामींचे वाक्य घेतो आणि पैला क्षुल्लक समजतो. पण पैसाठी रात्रभर बसणारा शिष्य होता म्हणूनच स्वामी तसे म्हणू शकले. चुकीच्या हिशेबावर डोळा लागलेल्या शिष्याला काय म्हणणार होते?

मुलगा दुसऱ्या मुलाखतीला भिगवणमार्गे बारामतीला जाऊन आला. साहेबांनी तोच म्हातारीचा प्रश्न पुन्हा काढला. याने सांगितले, “सर, आधी तिची ठेव करून देईन. मग तिला विम्याची गरज असेल तर मुलाला घेऊन ये म्हणेन आणि दोघांना हप्ता समजावून सांगेन. उरलेल्या तीन दिवसांत दुसरी दहा घरे जास्त फिरेन.” साहेबांनी विचारले, “आणि तरी अपुरे राहिले तर?” हा म्हणाला, “तर अपुरे राहील, सर.” साहेब काही बोलले नाहीत. यादी मात्र ठेवून घेतली.

हे उत्तर त्याला महागात पडेल की काय, मला माहीत नाही. ते मी त्याच्या तोंडी घातले आणि ऑपरेशन माझ्या बायकोचे नाही, त्याच्या आईचे थांबले आहे. यावर्षी उन्हाळ्यात पाणी उतरले तेव्हा जुन्या गावातले पळसनाथाचे मंदिर पाहायला आम्ही दोघे गेलो होतो. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि तेच पाणी इथे आमच्या गावावरून पुढे पंढरीला जाते, हे त्याला दाखवत होतो, पण त्याचे लक्ष खिशातल्या फोनकडे होते आणि मला त्याचा राग आला नाही.

फोन अजून आलेला नाही. परवा तो संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, “नाना, तुमची ट्रंक उघडा, सराव करतो.” मी पासबुके आणि पावत्या काढल्या. त्याने एकेक कागद मोठ्याने वाचला, मला समजेपर्यंत थांबला. माझ्या मुदत ठेवीवर वारस म्हणून अजून बायकोचे नाव आहे, तिला जाऊन चार वर्षे झाली. दुसऱ्या दिवशी तो इंदापूरच्या शाखेतून वारस बदलण्याचा फॉर्म घेऊन आला.