मधल्या माणसाचा धर्म

'दलाल' हा शब्द मराठीत सहसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. पिकवणाऱ्याला, घडवणाऱ्याला, वाहून नेणाऱ्याला आपण मान देतो. त्यांच्यामध्ये उभे राहून दोन पैसे मिळवणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहतो. आमचा एक माजी विद्यार्थी, बी. कॉम. झालेला, महामार्गालगत गाळा घेऊन मालवाहतुकीची दलाली सुरू करणार आहे. "सर, चांगल्या माणसाने हा धंदा करावा का?" असे त्याने विचारले. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून येथे मांडतो.

मुंबईहून माल घेऊन बेळगावात आलेला ट्रक रिकामा परतला, तर डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मालकाच्या अंगावर पडतो. त्याच दिवशी उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत मुंबईला जाणारा माल गाडीची वाट पाहत पडलेला असतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. ज्याला तो ठाऊक आहे, त्याने गाठ घालून दिली तर दोघांचेही हित होते. ज्ञानाचा मोबदला घेणे पाप असेल, तर आम्हा शिक्षकांना पगार कशाचा मिळतो?

पेच पुढे आहे. समजा, कारखानदार ३०,००० रुपये देण्यास तयार आहे आणि दोन दिवस खोळंबलेला ट्रकवाला २४,००० वरही निघेल. मधले ६,००० कोणाचे? ठरलेली दलाली उघड सांगून घेतली, तर ते श्रमाचे मोल झाले. पण कारखानदाराचा माणूस म्हणून भाडे ठरवायला जायचे आणि फरक गुपचूप खिशात टाकायचा, हे दुसऱ्याचे अज्ञान विकणे होय. मुखत्याराने मालकाच्या नकळत त्याचेच काम स्वतःच्या खात्यावर केले, तर झालेला लाभ मालक मागू शकतो, असे १८७२ च्या करार कायद्याचे २१६ वे कलमही सांगते.

मग नफा घेऊच नये काय? अवश्य घ्यावा, पण मग माल पोचवण्याची जबाबदारीही स्वतःच्या नावावर घ्यावी. गाडी वाटेत बंद पडली तर दुसरी द्यावी. कारखान्याने पैसे थकवले, तरी ट्रकवाल्याचे उरलेले भाडे वेळेवर चुकते करावे. नफ्याच्या वेळी व्यापारी आणि नुकसान आले की 'मी तर नुसता दलाल', ही दुहेरी भूमिका अनीतीची. खोळंबलेल्याची अडचण हेरून भाव पाडणे कायद्यात बसेलही. मनाला पटते का, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथला दलाल कोल्हापूरच्या ट्रकवाल्याशी मराठीत बोलतो, हुबळीच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये. दोघेही त्याच्या जिभेवर विसंबतात. बाजारात, कचेरीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत आपणही असे दुभाषी रोजच होत असतो. इकडचा शब्द तिकडे नेताना त्यात आपल्या फायद्याचे काही मिसळू नये, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

मोबाइलवर भाड्याच्या गाड्या दिसू लागल्यापासून नुसत्या माहितीचे मोल उतरत चालले आहे. म्हणून नव्याने गाळा मांडणाऱ्याने आपण दलाल की वाहतूकदार, हे दोन्ही बाजूंना पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांगावे. असा माणूस हा धंदा करणार असेल, तर त्याने तो जरूर करावा.