वाळवंटातील बोर

कतारची राजधानी दोहा येथील ‘कुरआनिक बोटॅनिक गार्डन’मध्ये कुरआन व हदीसमध्ये उल्लेखिलेल्या वनस्पती जोपासल्या जातात. नोकरीनिमित्त तिकडे असणाऱ्यांनी मुलाबाळांसह अवश्य जावे. २००८ साली तेथे पहिले झाड लावले गेले ते ‘सिद्र’चे, आपल्या बोरीच्याच कुळातले.

सूरह वाकिआमध्ये जन्नतमधील सिद्र काटेरहित आहे. सूरह सबामध्ये मात्र कृतघ्न लोकांच्या बागा पुराने उद्ध्वस्त झाल्यावर मागे उरतात ती कडवट फळे, झाऊ आणि थोडीशी सिद्रची झाडे. झाड तेच, तेथे बक्षीस, येथे अवशेष.

आणि आपण? अंगणातली बोर काटे टोचतात म्हणून तोडतो, मय्यतच्या गुस्लची वेळ आली की तिचीच पाने शोधत गल्लोगल्ली माणसे धाडतो. आपल्या गुस्लसाठी ती कोठून आणणार?