राजाबाईंच्या कामाचं घड्याळ

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची एक गोष्ट सांगतात. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याची आई अंध होती. जैन असल्यामुळे त्यांना सूर्यास्ताआधी जेवायचं असे, पण सूर्य कुठे आला ते दिसत नसे. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळायची. गोष्ट कितपत खरी, ते बाजूला ठेवू. मुलानं पैसे दिले, मनोऱ्याला आईचं नाव लागलं आणि १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झालं, एवढं नक्की.

हा मनोरा आता गोंदियात माझ्या टेबलावर आहे. म्हणजे वहीच्या पुठ्ठ्यावर. मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या दुकानातून मी ती वही आणली. सुरेख आहे. पण तिच्यावरचं घड्याळ राजाबाईंच्या काहीच कामाचं नसतं. टोले गेले, चेहरा राहिला. त्यांना जे दिसतच नव्हतं, नेमकं तेवढंच आपण जपलं.

मग जुनी वस्तू जपायची म्हणजे तिचं काय जपायचं? रूप की काम?

‘काम’ असं चटकन म्हणावंसं वाटतं. पण घड्याळाचं काम सगळ्यांशी इतकं मायेचं नव्हतं. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३९ मिनिटं मागे होती. भोंगा नव्या वेळेनं वाजला की कामगाराला तेवढं लवकर उठणं आलं. त्याच महिन्यात मुंबईत हजारो गिरणी कामगारांनी काम थांबवलं, गिरणीवर दगड मारले. एका बाईसाठी घड्याळ ही सोय होती. या माणसांसाठी तो हुकूम होता.

आमच्या गोंदियात सूर्य मुंबईच्या साधारण अर्धा तास आधी मावळतो. मोबाइलवर मात्र दोन्हीकडे एकच वेळ. मुंबईतल्या संध्याकाळच्या हिशेबानं एखादी राजाबाई इथे जेवायला बसली, तर तिचा नेम मोडेल. धानाच्या रोवणीला निघणाऱ्या बायका आजही आधी उजेड बघतात, मग घड्याळ.

म्हणून मला वाटतं, रूप की काम हा प्रश्नच अर्धा आहे. ते काम कोणासाठी होतं आणि कोणावर लादलेलं होतं, हेही विचारायला हवं. वहीवरच्या चित्रातून आईची माया गेली आणि गिरणीचा जाचही गेला. म्हणून तर ते इतकं निवांत दिसतं, कोणालाही भेट देता येतं.

अशा वस्तू विकत घेण्यात काही गैर नाही. मीही पुन्हा घेईन. फक्त दुकानांनी मागच्या पानावर चार ओळी छापाव्यात: टोले मोजणाऱ्या आईच्या दोन, दगड उचलणाऱ्या कामगारांच्या दोन. छापल्या नसतील, तर भेट देताना तुम्ही सांगा. पाच मिनिटंही लागत नाहीत.