सापाचं देणं

साइडवाइंडर हा अमेरिकेच्या वाळवंटातला विषारी साप वाळूचा चढ न घसरता चढतो. तो कसा, हे संशोधकांनी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात तपासून २०१४ साली मांडलं: चढ वाढला की तो अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवतो. ही युक्ती दिल्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठाचा सर्परोबॉटही चढू लागला.

मग आपण सापाचं काही देणं लागतो का? त्याची चाल त्याच्याकडे शाबूत आहे; हिरावलं काहीच नाही. पण त्याची किंमत या युक्तीपुरतीच धरली, तर नक्कल जमताच तो निरुपयोगी ठरतो. हा हिशोब मला मान्य नाही. रोबॉट चढतो आपल्या कामासाठी; साप चढतो स्वतः जगण्यासाठी. त्याचं वाळवंट राखायचं ते त्याच्या या जगण्यासाठी, पुढे त्याच्याकडून शिकण्यासारखं काही उरलं नाही तरी.