कसलेली कंबर

कष्टाचं कौतुक करताना मराठी माणूस आधी कमरेकडे पाहतो. कंबर कसून कामाला लागणारा आपल्याला आवडतो. परभणीच्या काळ्या रानात दिवाळीच्या आगेमागे हा वाक्प्रचार डोळ्यांना दिसतो. कमरेला ओटी बांधलेल्या बाया कपाशीच्या ओळींत वाकलेल्या असतात. ओटी भरत जाते, तसा भार पुढे ओढत राहतो. वेचणी किलोवर, त्यामुळे क्षणभर ताठ होणंही मजुरीतला तोटा वाटतं. पुढे हीच कंबर रब्बीची ज्वारी उपटायला लागते.

मानवत तालुक्यातल्या माझ्या मावशीची कंबर अशीच कसलेली. काही वर्षांपूर्वी मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आणि ऑपरेशन झालं. पायातली कळ थांबली, कंबर मात्र दुखत राहिली. पुन्हा एमआरआय काढला, त्यात पुन्हा फुगलेली गादी दिसली. दुसऱ्या ऑपरेशनसाठी एकरभर रान विकायची बोलणी घरात सुरू झाली.

एमआरआयच्या फोटोपुढे आपण हात जोडतो. पण 2015 साली एका अभ्यासात तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. या लोकांना पाठीचा काहीच त्रास नव्हता. तरीही पन्नाशीतल्या सुमारे 60 टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. केस पिकावेत तसे मणकेही पिकतात. फोटोत दिसतं तेच दुखतं असं नाही, आणि जे दुखतं ते दर वेळी कापून काढता येतं असंही नाही. ऑपरेशन जितक्या वेळा, तितकी गुण येण्याची आशा कमी.

म्हणून ऑपरेशन वाईट ठरत नाही. पायातली ताकद जाऊ लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठलाच पाहिजे. ताप येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर क्षयासारखा आजार तपासून घ्यायलाच हवा. हे काही नसताना वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या दुखण्याची वाट मात्र वेगळी आहे.

ज्या जुनाट कंबरदुखीमागे एकच नेमका आजार सापडत नाही, तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात दुखणं समजावून सांगणं, नियमित व्यायाम आणि मनाला आधार देणारे उपचार यांवर भर आहे. कमरेचा पट्टा किंवा वजन लावून ओढ देणं हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. आमच्याकडे घरोघरी खुंटीला एक पट्टा लटकलेला असतो. कंबर कसण्यावर आपला विश्वासच तेवढा.

हा विश्वासच मला तपासावासा वाटतो. बरं वाटलं त्या दिवशी मावशी सगळं काम उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढायची. फिजिओथेरपिस्टने तिला उलटं शिकवलं. कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. रोज बांधावरच्या लिंबापर्यंत चालायचं, आठवड्याने त्याच्या पुढच्या बाभळीपर्यंत. चांगल्या दिवशीही तेवढंच आणि वाईट दिवशीही थोडं तरी. ती मला म्हणाली, "दुखायलंय म्हणून थांबत नाही रे, दुखायच्या आधीच थांबते."

पण दुखायच्या आधी थांबायची मुभा तिला कोण देणार? किलोवर वेचणाऱ्या बाईला विश्रांती लिहून देणं सोपं, परवडणं अवघड. म्हणून निम्मा उपचार घरात आणि रानात आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी बायांच्या श्रमांचा आणि अवजारांचा अभ्यास वर्षानुवर्षं होत आला आहे. वाकणं कमी करणारं साधन हेही औषधच, ही समज त्यामागे आहे. ती प्रत्येक बांधापर्यंत पोचायला हवी.

मावशीच्या घरी रान विकलं गेलं नाही, कामं वाटली गेली. ओटी अर्धी भरली की ती बांधावर रिकामी करते. गठुडं मुलगा उचलतो आणि पाण्याची घागरही तोच आणतो. तिची कंबर आजही दुखते. पण आता ती एकटीने कसावी लागत नाही.