निर्दोष हातांची हिंसा

हिंसा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उगारलेला हात उभा राहतो. परंतु ज्या हिंसेला असा हातच नाही, तिचा दोष कोणाच्या माथी ठेवावयाचा?

स्कॉटलंडच्या नद्यांत मोती देणारा एक शिंपला आहे. लिनियसने १७५८ साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. हा जीव शंभर वर्षांहूनही अधिक जगतो आणि दिवसाकाठी पन्नास लिटरपर्यंत पाणी गाळतो. एखाद्या मोत्यासाठी असंख्य शिंपले फोडण्याचा व्यवसाय तेथे शतकानुशतके चालला. अखेर १९९८ साली ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली. चोरटी लूट अद्याप होते. पण तेथे निदान अपराधी कोण, हे सांगता येते.

त्याच्या ऱ्हासाचे दुसरे कारण अधिक बिकट आहे. मादी लक्षावधी सूक्ष्म पिले पाण्यात सोडते. त्यांतील फारच थोडी सामन किंवा ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटतात, तेथे काही महिने काढतात आणि मग तळाच्या वाळूगोट्यांत शिरून सुमारे पाच वर्षे वाढतात. गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळते राहिले, तरच ती जगतात. शेतांतला गाळ व खत वाहून आले, की फटी बुजतात. बंधाऱ्याने मासे अडले, की पिलांचा आसराच तुटतो. म्हणून कित्येक नद्यांत आज केवळ वृद्ध शिंपले उरले आहेत. घर भरलेले दिसते. पाळणा मात्र रिकामा आहे.

शेतकऱ्याने जमीन नांगरली, इंजिनियराने बंधारा घातला. कोणाच्याही मनात शिंपला मारण्याचा हेतू नव्हता. हेतूवरून पापपुण्य ठरवावयाचे, तर सारेच निर्दोष ठरतात, आणि तरीही एका जीवाचा वंश बुडतो. मला वाटते, हेतूची शुद्धता परिणाम अज्ञात असेतोवरच पुरते. परिणाम कळल्यानंतर तेच कर्म पूर्वीइतके निष्पाप राहत नाही. याचा अर्थ नांगर टाकून द्यावा, असा नव्हे. काठावर झाडे राखली, गुरांना पात्रात उतरू दिले नाही, तरी पुष्कळ गाळ अडतो.

‘मारू नका’ असा हुकूम काढता येतो, हे आम्हा सरकारी कारकुनांना चांगले ठाऊक आहे. ‘जगू द्या’ या हुकुमाची फाईल मात्र कोणा एकाच्या टेबलावर येत नाही. तो ज्याने त्याने स्वतःवरच बजावावा लागतो.