शिंगाला शुद्धी, हाताला नाही

नेपाळमध्ये दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या सणात, नवमीला हत्यारं पूजली जातात. खुकरीला, त्या वाकड्या पात्याच्या सुऱ्याला, टिळा लागतो, फूल वाहिलं जातं. तिची मूठ लाकडाची, नाहीतर म्हशीच्या शिंगाची.

त्या शिंगाची उस्तवार फार. आतला हाडाचा गाभा शिंग उकळल्याशिवाय किंवा कुजू दिल्याशिवाय सुटत नाही, आणि तो वास सोसायला पोट घट्ट लागतं. मग सावकाश वाळवण. घाई केली तर मूठ पुढे आकसते, तडकते. पोकळ भाग बाजूला काढून टोकाकडचा भरीव तुकडा घ्यायचा, भोक पाडून पात्याचा निमुळता दांडा आत बसवायचा, लाखेने पक्का करायचा. घासताना तापलं की जळक्या केसांचा वास येतो, कारण शिंगही केस-नखांसारखं केराटिनच.

मेल्या जनावराचा हा अवयव पूजेत चालतो कसा? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायानुसार शंख, शिंग, हाड आणि हस्तिदंत गोमूत्राने किंवा पाण्याने शुद्ध होतात. नियम तसा उदार!

खुकरी घडवणाऱ्या कामी समाजाच्या वाट्याला मात्र हे औदार्य आलं नाही. १८५४च्या मुलुकी ऐनने, म्हणजे नेपाळच्या कायदेसंहितेने, त्यांना अस्पृश्य ठरवलं. त्यांच्या हातचं पाणी चालत नसे. स्पर्श झालाच, तर वरच्या जातीच्या माणसाने अंगावर पाणी शिंपडून घ्यायचं. वस्तू पाण्याने शुद्ध होते आणि ती घडवणारा हात होत नाही, हे कुठल्याही तत्त्वज्ञानात बसणारं नाही. ही निव्वळ सत्तेची सोय.

१९६३च्या नव्या मुलुकी ऐनने जातींची ती उतरंड कायद्यातून काढली. जातीय भेदभाव आणि अस्पृश्यतेविरुद्धचा स्वतंत्र कायदा यायला २०११ उजाडलं.